सवतीचे तीन दिवस

मुगन आमच्या गढीत लोणी काढायची. शॅनन नदीच्या काठी तिच्यासारखं लोणी कुणाचं नव्हतं, आणि तिच्यासारखं तोंडही कुणाचं नव्हतं. केल्लाख राजालासुद्धा ती बेधडक सांगायची, "आधी ते चिखलाचे पाय पुसा, मग दुधाच्या खोलीत शिरा!"

राजानं दुसरी बायको आणली आणि ते तोंड मिटलं. नवरी देरवाल, खिंडीपलीकडच्या सरदाराची लेक. आमच्या गढीत येण्याआधी मुगननंच तिला स्वतःचं दूध पाजून वाढवलं होतं. आणि आमचा कायदा असा, की सवत घरात आली की पहिल्या बायकोनं तिला तीन दिवस हवं तसं बडवावं. त्याची दाद नाही, फिर्याद नाही. सवतीनं फार तर ओरबाडावं, शिव्या द्याव्यात.

मुगन राजाकडे धावली. राजा नाकातून बोलतो. "मुगन, हम्म्, मला काय लग्नांची हौस आहे? तिच्या बापानं खिंड राखली नाही, की आपली गुरं, हम्म्, गेलीच लुटारूंच्या घशात. शिवाय दोन मुलगे लढाईत गेले माझे. उरलेल्या एकाच्या भरवशावर गादी ठेवू?"

मग ती पहिल्या राणीकडे, दूनलाकडे गेली. राणी बाह्या सरसावतच होती.

"न मारता घरात घेतली, तर ती माझ्या बरोबरीची ठरेल. मग माझ्या पोराला विचारतंय कोण? सरक!"

पहिल्या दिवशी अंगणात आम्ही खिदळलो. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मुगननं मागच्या फाटकाशी घोडं आणून बांधलं. पोरीच्या सुजलेल्या गालांना लोणी चोळत ती म्हणाली, "ऊठ बाळ, माहेरी जाऊ."

"मी गेले तर बाबा धाकटीला धाडतील," देरवाल म्हणाली. "मुगनआई, राजा तिसरीही आणेल का गं?"

"आणेलच मेला."

"तिला कोण मारणार?"

"दूनला. पहिली तीच ना!"

"आणि दूनला मेली तर?"

मुगनचा हात गालावरच थिजला. "तर... तू."

फुटल्या ओठांनी पोरगी हसली. खरंच हसली!

"मग नीट चोळ. मला इथंच राहायचंय."

मुगन उठली. घोडं सोडून आली, दारातच उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "आणखी काही आणू का, राणीसाहेब?"