नरम मोजे

माझ्या वडिलांना मोजे आवडले, हे ऐकून मला धक्काच बसला. आमच्या घरात असं कधी घडलंच नव्हतं.

वडील विणकर. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणतात, तेही खड्ड्याच्या मागावर. काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि तळाच्या पावड्या दाबत राहायचं. पौषात तो खड्डा असा गार पडतो की मोज्यांशिवाय बसवत नाही. माझं साकोलीला मोजे-बनियनचं दुकान. म्हणजे दर हिवाळ्यात मोजे नेणार मी आणि नावं ठेवणार ते. नायलॉनचे नेले तर, "पाय शिजून राहिले माहे." खरंच आहे म्हणा, नायलॉन घाम पीतच नाही. सुती नेले तर ते घाम पितात, पण मग ओलेच राहतात आणि दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होतात. लोकरीचे ऊबदार, पण "मुंग्या चावल्यावानी होते." एकदा आईनं उरलेल्या कोशाच्या सुताचे स्वतः विणले, तर म्हणे पाय पावडीवरून घसरते! आईनं त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. दुकानात गिऱ्हाइकांपुढे मी जी अक्कल पाजळते, ती सगळी या माणसाच्या कुरकुरीतून आलेली आहे.

यंदा घाईघाईत मी नेमके दुकानातले सगळ्यात हलके, काळे नायलॉनचे मोजे त्यांना देऊन आले. चूक लक्षात आली ती परतल्यावर. पुढच्या रविवारी बोलणी खायच्या तयारीनंच गेले, तर मागावरून आवाज आला, "मोजे मस्त आनले या वक्ती. नरम आहेत."

"नरम?"

"हो. काहून?"

आई खूश. "म्हातारपनी तरी शहाने झाले तुहे बाबा."

माझा मात्र विश्वास बसेना. नायलॉनचा तो माल मी स्वतः पायात घालणार नाही, आणि या माणसाला नरम लागतो? माझ्यातली दुकानदारीण गप्प बसली नाही. आईच्या पेटीतून तेच जुने, मुंग्या चावणारे लोकरीचे मोजे काढले. वडिलांना खाटेवर बसवून डोळे मिटायला लावले. डाव्या पायातला नायलॉनचा काढून तिथे लोकरीचा चढवला. उजवा राहू दिला.

"सांगा बाबा, कोणत्या पायात कोणता?"

ते हसत होते. पाय हलवले, पुन्हा हलवले. मग हसणं थांबलं. "दोन्ही एकच तर आहेत ना?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. लोकरीच्या जोडीतला उरलेला मोजा त्यांच्या हातात दिला. अंगठ्यानं नुसता घासला आणि लगेच म्हणाले, "हे लोकरीचं. टोचते." मग डोळे उघडून डाव्या पायाकडे पाहिलं. त्याचाच जोडीदार त्या पायात होता. वाकून त्यांनी तोही अंगठ्यानं घासून पाहिला.

मी घाबरून उजवा मोजा ओढला, तर निघेना. नवी जोडी एकत्र राहावी म्हणून पंज्याशी पत्र्याची बारीक चिमटी लावलेली असते. जोडी ओढून वेगळी केली तेव्हा ती उजव्या मोज्यातच अडकून राहिली होती, आणि आत जाऊन करंगळीजवळ रुतली होती. काळ्या रंगावर रक्त दिसलंसुद्धा नव्हतं. थंडीमुळे रात्रीही मोजे न काढता, ती चिमटी पायात घेऊन हा माणूस रोज माग चालवत होता आणि मला सांगत होता, नरम आहेत.

आई एकदम म्हणाली, "म्हनून तुमी खड्ड्यात वाकून वाकून पाहून राहिले होते काय? मले वाटे, खाली काही पडलं."

"पावडी सापडे नाही," वडील म्हणाले. "मले वाटलं, थंडीनं होते."

साकोलीच्या डॉक्टरांनी जखम धुतली. शुगरनं पायाची जाणीव गेलीय म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोट गेलं असतं. शुगर आम्हाला ठाऊक होती, गोळीही रोज चालू होती. पण पाय असा गुपचूप परका होतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

जखम भरली. आता मी पांढरे मोजे नेते, रक्त आलं तर दिसावं म्हणून. सुतात थोडं नायलॉन मिसळलेले, वर सैल. वडील आधी त्यात हात घालतात आणि आतून बोटं फिरवतात. परवा असाच मोजा हातात चढवून थांबले.

"बोटापाशी शिवन जाड आहे, टोचते," म्हणाले. मला किती बरं वाटलं! इतक्या दिवसांनी नावं ठेवली होती. तेवढ्यात ते हळूच पुढे म्हणाले, "पन पायाले काय त्याचं?"

मी ती जोडी पिशवीत परत टाकली आणि बिनशिवणीची आणायला निघाले.