उपाशी कारकून

माझ्या विहीणबाईंइतकी न्यायी बाई आख्ख्या संभाजीनगरात सापडायची नाही, आणि हे मी मुलीची आई असून म्हणते, यातच काय ते समजा. राहणार जिल्ह्यातल्याच पिशोर गावच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं आल्या आणि बसून बसून वैतागल्या, म्हणून जावईबापूंनी त्यांना टीव्हीवर एक गेम लावून दिला. परदेशातलं पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं गाव, तिथल्या किल्लेदाराचा खून झालेला. आळ एका कुंभारणीवर. आपण कारकून व्हायचं आणि तिला फाशी द्यायच्या आत खरा खुनी शोधायचा. त्यातलं इंग्रजी माझी लेक मराठीत सांगायची आणि सासूबाई टीव्हीतल्या माणसांना बाजारात भेटल्यासारख्या झापायच्या. लोहाराची बायको उलट बोलली की, "भवाने, सासूपुढं बोलून दाखव असं."

आता त्या गेमची रीत अशी, की लोकांच्या घरी जेवलं तरच कारकुनाला ताकद येते. विहीणबाईंनी पहिल्याच घरी मान हलवली. "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर आळ कसा घ्यायचा गं पोरी? नाय खायाचं कुठंच." झालं. बिचारा कारकून झोकांड्या खात हिंडायचा, साध्या पायऱ्या चढेना. जावई म्हणायचे, "आई, तो खोटा आहे गं." तर ह्या म्हणणार, "तू गप. खोटा असला तरी माझा हाय."

शेवटी तो नदीकाठी कोसळलाच. शुद्धीवर आला, तर पाणचक्कीवाला एक म्हातारा त्याला पेज पाजत होता. नको म्हणायला बटणच नव्हतं. आणि पुढं सगळे पुरावे नेमके त्याच म्हाताऱ्याकडं वळले. तिकडं कुंभारणीला फाशीकडं चालवलेलं.

"दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर चालतंय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"चालतंय की," लेक म्हणाली. "लोहाराचं सांगा, तरी ती सुटंल."

त्यांनी खूण लोहाराच्या नावापर्यंत नेली. मग म्हणाल्या, "लोहारानं काय केलंय?" आणि म्हाताऱ्याच्या नावावर बटण दाबलं.

कुंभारीण सुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी लेकीनं ताट वाढलं, तर विहीणबाईंनी ते हळूच बाजूला सारलं.

"आज नको. त्याची पेज पोटात हाय."

पेज कारकुनानं प्यायली होती. पण माझी लेक ताट झाकून सासूजवळ बसली, आणि तीही जेवली नाही. लेक कुठं दिली म्हणून कुणी विचारलं, तर अलीकडं मी कॉलनीचं नाव सांगत नाही. विहीणबाईंचं सांगते.