पंपामागचं बाकडं

मंडळी, आज दुपारी लेक परळला पेट्रोल भरायला थांबली आणि मी उगाचच गाडीतून उतरले.

माझे बाबा टॅक्सी चालवायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वेळी मी लहान होते. तेव्हा याच पंपामागे पिंपळाखाली एक लाकडी बाकडं होतं. टॅक्सीवाले तिथे जेवायचे, घटकाभर डोळा लावायचे. बाबांचा डबा घेऊन आई आणि मी रोज तिथे जायचो.

चळवळीच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्या दिवशी बाबा जेवायला आलेच नाहीत. आई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. पंपावरचे भिकाकाका म्हणाले, "वहिनी, तो जखमींना इस्पितळात पोचवतोय. आत्ताच टाकी भरून दिली मी. येईल तो."

दिवेलागणीला बाबा आले. शर्ट रक्ताने माखलेला. आई किंचाळलीच.

"माझं नाही गं हे," म्हणाले, आणि बाकड्यावर बसून ढसाढसा रडले. बाबांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आज तिथे हवा भरायचं मशीन आहे. लेक म्हणाली, "आई, काय शोधतेस?"

बाबांना ओळखणारं आता कुणी उरलं नाही. तुमच्या घरात त्या काळी टॅक्सी चालवणारं कुणी होतं का? त्यांच्याबद्दल मला सांगाल?