नाव हाय का बघा, मास्तर!

मतदार यादीचं काम एकदा मास्तरच्या गळ्यात पडलं की किश्शांना तोटा नाही. रेणापूर तालुक्यात मी बारा वर्षं हे करतोय. नवी नावं घालायची, मेलेल्यांची काढायची, पत्ते तपासायचे. तहसीलची मीटिंग सुटली की आम्ही सगळे बीएलओ चहाला जमतो आणि एकेकाची पोतडी उघडते. हसतो खरं, पण पोटात एकच भीती असते. आपल्या चुकीनं कुणी केंद्रावरून मत न देता परत जाऊ नये!

*

एका घरी नव्या सुनेचा फॉर्म भरत होतो. "नवऱ्याचं पूर्ण नाव?" सून भिंतीकडं बघायला लागली. नाव कसं घेणार! सासू आतून म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव मी सांगते की, लिव्हा." लिहिलं. "आणि त्याच्या वडिलांचं?" आता सासूही भिंतीकडं!

शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या आल्या, प्रश्न ऐकला आणि पदर तोंडाला लावला. "मास्तर, मला बी न्हाई घेता येत. आमच्या मालकांचं बी त्येच नाव हाय!"

*

माझा मेव्हणा नांदेडला, विष्णुपुरीकडं हेच काम करतो. होस्टेलवरच्या एका पोरीचा अर्ज पत्त्याच्या पुराव्यावाचून अडला. वीजबिल नाही, भाडेकरार नाही. पोरगी वैतागली, "सर, बिर्याणी बरोबर होस्टेलच्या गेटपर्यंत येते. सरकारलाच पत्ता कसा सापडंना?"

रेक्टरच्या सहीच्या पत्रावर निभावलं.

*

माझ्या बूथवरचे शिवलिंगप्पा, किराणा दुकानदार, मतदानाला आले ते ओळखपत्र विसरून. रेशनकार्ड काढलं. चालत नाही. भाच्याची लग्नपत्रिका काढली, "निमंत्रकात माझं नाव हाय बघा." चालत नाही, फोटो पाहिजे. "फोटो? आणतो की! वाढदिवसाचा बॅनर आचारसंहितेत उतरवून दुकानात गुंडाळून ठेवलाय. बारा फुटी हाय!"

तेवढ्यात त्यांची बायको बँकेचं पासबुक घेऊन आली. केंद्रावरच्या साहेबांना म्हणाली, "ह्यातलाच फोटो खरा धरा. बॅनरवर लई गोरं करून टाकलंय ह्यांना!"

*

आमच्या गावचा गणेश पुण्याला कंपनीत आहे, पण मत द्यायला गावी येतो. म्हटलं, नाव तिकडंच का घालत नाहीस? म्हणाला, "घरमालक करार करून देईना मास्तर. तिथं काम हाय, पत्ता न्हाई. इथं पत्ता हाय, काम न्हाई."

हे ऐकून मात्र चहावर कुणी हसलं नाही.

*

आता माझी स्वतःची चूक. मन्मथप्पाच्या दोन बायका. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोघी एकाच घरात, दिवसभर भांडायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या. गावाला त्यांची नावं माहीत नाहीत. एक थोरली, एक धाकटी, बस्स. तपासणीला गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, "थोरली वारली. धाकटी लेकीकडं गेलीय." यादीत दोन वयं, अठ्ठ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर. मी शहाण्यासारखं अठ्ठ्याहत्तरवालीपुढं 'मयत' लिहून मोकळा!

पुढं ग्रामसभेत कमी होणारी नावं वाचून दाखवली. "गंगाबाई मन्मथप्पा, मयत" म्हटलं आणि मागून एक म्हातारी काठी टेकत उठली.

"मी जित्ती हाय की रं मास्तर! वारली ती माझी सवत, भागीरथी."

"पण मावशी, थोरली वारली म्हणाले..."

"थोरली म्हंजे आधी लगीन झालेली! सात वर्साची होती ती, ह्या घरात आली तवा. मी मागून आले, पर वयानं मीच मोठी."

सभा हसली. यादी अजून अंतिम झाली नव्हती म्हणून वाचलो. त्याच दिवशी दुरुस्ती केली, तरी मतदानाच्या दिवसापर्यंत धाकधूक होतीच. त्या सकाळी केंद्राबाहेर यादी घेऊन बसलो होतो. गंगाबाई आत गेल्या. नाव निघालं, शाई लागली, मशीनचा आवाज बाहेरपर्यंत आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

म्हातारी बाहेर आली, पण जाईना. माझ्या टेबलापाशी उभीच.

"मावशी, झालं की मत. जावा आता घरी."

"माझं झालं रं. थोरलीचं कवा घेता? दर खेपेला रांगेत ती म्होरं असायची, मी मागं."