झाकलेला फ्रिज

"मावशी, ही साडी नको. फारच छान आहे."

मॅडम असं म्हणाल्या तेव्हा माझी आई आमच्या परळच्या खोलीच्या दारात उभी होती. पांढरी साडी, निळा काठ. जयंतीला नेसते ती. लेकीच्या ऑफिसातली माणसं फोटो काढायला येणार म्हणून सकाळी उठून स्वतः इस्त्री केलेली.

"घरातली जुनी एखादी नाही का? आणि चष्मा काढा हं."

आवाज गोड. शिवाजी पार्कच्या आमच्या मॅडम कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. ऑफिसात दुसऱ्या कुणाची आई आली की त्या काकू म्हणतात. माझी आई मावशी.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं. "फ्रिज दिसतोय. झाकू का?" उत्तराची वाट न पाहता त्याने आमचीच चादर फ्रिजवर टाकली. माझ्या पहिल्या पगारातला फ्रिज.

मी पीआरमध्ये होते, म्हणजे पैसे घेऊन लोकांचं नाव पेपरात छापून आणायचं काम. बिस्किटवाला, बिल्डर, इस्पितळ, सगळ्यांची कामं केली. मालक बदलतो, गोष्ट तीच. आधी अंधार, मग आमचा क्लायंट, मग उजेड. या वेळी इस्पितळ होतं, गरिबांची डोळ्यांची मोफत ऑपरेशनं. ठरलेली पेशंट ऐन वेळी फिरली आणि मॅडमना माझी आई आठवली. तिचा मोतीबिंदू तिथेच काढला होता.

"ते विम्यातून झालं मॅडम. मोफत नाही."

"अगं, ते कोण विचारतंय? एक फोटो फक्त."

आई मोरीच्या पडद्यामागे गेली. पाणी भरताना नेसते ती विटकी साडी नेसून बाहेर आली. जन्मभर पालिकेच्या इस्पितळात आया म्हणून राबली ही बाई, पण गणवेशावर कधी डाग दिसला नाही. आणि आज लेकीच्या साहेबांसाठी तिने मळकं नेसलं. माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तुझं काम अडायला नको."



मग मॅडमनी बातमीचा कागद काढला. त्यात आईचं मनोगत तयार होतं. आमच्या धंद्यात वाक्य आधी लिहितात, तोंड मागून शोधतात.

"वाचून दाखव गं त्यांना."

"द्या इकडे," आई म्हणाली. "आता दिसतं मला." तिने काढून ठेवलेला चष्मा परत चढवला. ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली.

"मी लाचार, निराधार बाई. यांच्या कृपेने मला जग दिसलं."

बोट तिथेच थांबलं. तिने मॅडमकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"लाचार मी कधी होते गं?"

मी उठले आणि फ्रिजवरची चादर ओढून काढली.

"हे काय करतेयस?"

"फोटो होणार नाही, मॅडम."

"इमोशनल होऊ नकोस. काम आहे हे."

"माझ्या आईच्या तोंडात हे वाक्य जाणार नाही. निघा तुम्ही."

ते गेले. त्यांच्यासाठी केलेला चहा पातेल्यात तसाच राहिला. आईने शाबासकी वगैरे दिली नाही. निळ्या काठाची साडी घडी करून कपाटात ठेवली आणि विचारलं, "नोकरीचं काय?"

नोकरी गेली.

पुढच्याच आठवड्यात पेपरात फोटो आला. दुसरी बाई. विटकी साडी, चष्मा नाही. खाली तेच वाक्य, शब्द न् शब्द. आईने ते शेवटपर्यंत वाचलं. मग फोटोतल्या बाईवर बोट ठेवलं.

"हिला वाचता येतं का गं?"

त्या प्रश्नाने मी रडले. नोकरी गेली तेव्हाही रडले नव्हते.

त्या बाईला मी शोधते आहे. माटुंग्याच्या बाजूला राहते, एवढंच कळलंय. सापडली की ते वाक्य तिला वाचून दाखवणार. मग विचारणार, बाई, तुम्हाला स्वतःला काय म्हणायचंय? ती जे म्हणेल ते, तिची परवानगी असेल तर तिच्या नावानिशी, मी छापून आणणार. इतकी वर्षं मी दुसरं शिकलेय काय? छापून आणणं तेवढं मला येतं.