यादीत नसलेला कप

मलमाचा वास आला की सांगलीच्या मैदानावरची खेळाडूंची ती कोंदट खोली आठवते. आमच्या कडेगावच्या फुटबॉल संघाने पहिल्यांदाच कप जिंकला होता. मी त्यांचा जुना पाठीराखा, सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे. मी आतल्या मोरीत कपाचा चिखल धूत होतो, तेव्हा बाहेर कप्तान मी केलेली यादी वाचत होता, “चेंडू, पंप, जर्सी. चला गड्यांनो, समदं आलं!” बाहेरून कुलूप लागलं, गाडी सुटली. दार बडवून हात सुजले; फोनही कुणी उचलेना. तासाभराने त्यांचाच आला. “आवं काका, कप तुमच्यापाशी हाय न्हवं?” “हाय.” “लय बरं झालं!” मग गाडी वळली. आजही यादी मीच करतो. त्यात आता कप आहे. स्वतःचं नाव लिहायला मात्र हात धजत नाही.