बंबाचं बारसं

आगीचा भोंगा वाजला की झुनिल्दा बार्रिया हातातलं काम तिथंच टाकते. धंद्याने ती न्हावीण. एकदा तर गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं भादरून पळाली. बिचारा आग विझेपर्यंत आरशासमोर बसून राहिला. आमच्या पुएर्तो माकी गावात आग विझवणारे सगळे असेच, पोटापाण्याला दुसरं काहीतरी करणारे. झुनिल्दाताई पहिल्या तुकडीचा बंब चालवते आणि मी पाइप धरतो.

तिचं खरं वैर आगीशी नाहीच, दुसऱ्या तुकडीच्या अर्विन क्लोसशी आहे. हा क्लोस सॉसेज विकतो आणि मिशांना पीळ देतो. आगीवर आधी कुणाचं पाणी पडलं यावर गावात आमची पत ठरते, आणि अलीकडे दरवेळी क्लोसच बाजी मारत होता. कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांना साधा नमस्कार केला नव्हता.

म्हणून आमच्या तुकडीला नवा बंब आला तेव्हा बाई अक्षरशः नाचली. रविवारी दुपारी बारसं ठरलं. धर्ममाता अर्थातच ती. आमची रीत अशी की फादरनी मंतरलेलं पाणी आधी टाकीत पडतं, मगच टाकी भरतात. ते पहिलं पाणी ओततो तो बंबाचा धर्मबाप. मग जन्मभर तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे, सख्ख्या सोयऱ्यांसारखे. त्या नात्यात अबोला चालत नाही. यंदा हा मान नगराध्यक्षांचा होता.

आम्ही पांढऱ्याशुभ्र पँटी घालून उभे. क्लोसही आला होता, हाताची घडी घालून. नगराध्यक्षांनी तांब्या उचलला आणि भोंगा वाजला.

"गालिंदोची बेकरी पेटली!"

"चढा रे!" झुनिल्दाताई ओरडली. रिबिनीसकट बंब सुटला. मागून क्लोसचा बंब. काय धावला आमचा पठ्ठ्या! चढावर आम्ही त्यांना पार मागे टाकलं. मी उडी मारली, पाइप ओढला आणि ओरडलो,

"सोड पाणी!"

पाइप दोनदा खोकला. वारा आला नुसता.

"अगं आई गं," झुनिल्दाताईचा चेहरा पांढराफटक पडला. "टाकी!"

जुना बंब कालच शेजारच्या बेटाला देऊन टाकलेला. त्या चढावर नळ नाही. माणसं हसायला लागली, मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात क्लोस पोहोचला. त्याचं पाणी भिंतीवर पडलं, पण छपरापर्यंत काही चढेना. त्याचा पंप म्हातारा. जाळ मात्र शेजारच्या लाकडी घराकडे झुकायला लागला.

झुनिल्दाताईने ओठ चावला. मग सगळ्या गावादेखत हाक मारली, "क्लोस! पाणी दे!"

"काय म्हणालीस?"

"पाणी दे म्हटलं, मेल्या! माझा पंप पोचेल छपरापर्यंत. हसायचं नंतर हस!"

तो हसत नव्हता. तो आधीच पाइप ओढत येत होता.

त्याचं पाणी आमच्या टाकीत घुसलं, पंप गरजला आणि माझा खांदा निखळतो की काय असं वाटलं. छप्पर भिजलं! शेजारचं घर वाचलं, अर्धी बेकरीही वाचली. आम्ही वेड्यासारखे ओरडत होतो.

तांब्या सांभाळत नगराध्यक्ष धापा टाकत आले. "चला, बारसं उरकून घेऊ."

झुनिल्दाताईने बंबाच्या टाकीवर थाप मारली. मग म्हणाली, "टाकीत पहिलं पाणी पडून गेलंय, साहेब."

सगळ्यांच्या माना क्लोसकडे वळल्या. त्याच्या आत्ता कुठे लक्षात आलं, आणि मिशांसकट तो लाल झाला.

तिने काजळीचा हात पांढऱ्या पँटीला पुसला आणि पुढे केला. "ये, कोंपाद्रे."

क्लोसने तो दोन्ही हातांत धरला. डोळे पुसत म्हणाला, "पण आगीवर आधी माझंच पाणी पडलं, कोमाद्रे."

"भिंतीवर पडलं! आग छपरावर होती!"

हा वाद अजून मिटलेला नाही. फक्त आता दर रविवारी तिच्या स्वयंपाकघरात चालतो, आणि सॉसेज क्लोस घेऊन येतो.